बॉक्सिंग आणि ‘नाही’चं बटण

नॉर्वेत १९८१च्या कायद्याने व्यावसायिक बॉक्सिंगवर बंदी आली आणि २०१४च्या डिसेंबरमध्ये ती उठली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सिसिलिया ब्रेकहुस या नॉर्वेच्या बॉक्सरने आपल्या वजनगटातले चारही मोठे जागतिक किताब एकत्र केले होते. लढत झाली शेजारच्या डेन्मार्कमध्ये, कारण ज्या खेळात ती जगज्जेती होती, तो तिच्या स्वतःच्या देशात गुन्हा होता. ही बंदी चालू असतानाच, १९९३ साली, मेक्सिको सिटीच्या अझ्टेका स्टेडियममध्ये हुलिओ सेझार चावेझची लढत बघायला १ लाख ३२ हजार माणसं जमली होती. एकाच खेळाला एक देश डोक्यावर घेतो आणि दुसरा तुरुंगाची भीती घालतो. मग यातला नैतिक देश कोणता?

‘ज्याचा त्याचा स्वभाव’ हे पटकन सुचणारं उत्तर. मेक्सिकन तापट, उत्तर युरोपातले लोक शांत. पण १९५९ साली जगाचा हेवीवेट विजेता झाला तो स्वीडनचा इंगेमार योहान्सन. स्वीडिश रेडिओने ती लढत प्रसारित करायला नकार दिला, तर लोकांनी परदेशी स्टेशन लावून ती ऐकली. त्यानंतर ११ वर्षांनी, १९७० मध्ये, स्वीडननेही व्यावसायिक बॉक्सिंगवर बंदी घातली. ती २००७ पर्यंत टिकली. एवढ्या वर्षांत माणसांचा स्वभाव बदलत नाही. म्हणजे उत्तर दुसरीकडे शोधायला हवं.

१९५२ साली दोन अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी एक साधी गोष्ट मांडली होती. अमेरिकेच्या रिंगमध्ये आधी आयरिश मुलं होती, मग ज्यू, मग इटालियन आणि मग कृष्णवर्णीय. जो गट शहराच्या सगळ्यात खालच्या पायरीवर असतो, त्याची मुलं ग्लोव्ह घालतात. तो गट वर सरकला की मुलं कॉलेजात जातात आणि जागा पुढच्यांसाठी मोकळी होते. पुढे त्या जागी मेक्सिकन आले.

नुसती गरिबी मात्र पुरत नाही. २००८च्या बीजिंग ऑलिम्पिकला गेलेल्या पाच भारतीय बॉक्सरांपैकी चार हरियाणातल्या एकट्या भिवानीचे होते. गरीब तालुके देशात शेकड्यांनी आहेत, पण भिवानीत प्रशिक्षक होते, रिंग होती आणि पदक आणलं की पोलिसात किंवा रेल्वेत नोकरी लागते हे मुलांना डोळ्यांसमोर दिसत होतं. कांस्यपदक आणणाऱ्या विजेंदरचे वडील हरियाणा रोडवेजमध्ये ड्रायव्हर होते. कोल्हापूरच्या तालमीत घाम गाळणाऱ्या पोराचं गणितही फार वेगळं नसतं.

फरक आहे तो खेळात. कुस्तीत समोरच्याची पाठ मातीला लावायची असते. बॉक्सिंगमध्ये नॉकआउट म्हणजे समोरच्याच्या मेंदूला असा हादरा द्यायचा की तो उठू नये. बहुतेक इतर खेळांत डोक्याला मार लागणं हा अपघात असतो, इथे त्याचे गुण मिळतात. ग्लोव्ह वाचवतात ते मुख्यतः मारणाऱ्याच्या हाताची हाडं. बॉक्सरांच्या मेंदूची हानी एका अमेरिकी डॉक्टरने १९२८ सालीच नोंदवून ठेवली आहे. म्हणजे जवळजवळ १०० वर्षं आपण सगळं माहीत असून बघतो आहोत.

यावर ठरलेलं उत्तर असतं: ‘ते स्वतःच्या मर्जीने उतरतात.’ मर्जी हा शब्द मला रोजच्या कामामुळे जरा जास्त ओळखीचा आहे. ॲपमध्ये संमती मागणारी स्क्रीन तुम्हीही रोज बघता. ‘मान्य आहे’ हे बटण ठळक निळं आणि ‘नको’ बारीक, करडं, कुठेतरी कोपऱ्यात. अशा स्क्रीनवर ९० टक्के लोकांनी ‘हो’ म्हटलं तरी त्यावरून त्यांची इच्छा कळत नाही, डिझाइन कळतं. ‘नाही’चं बटण जितकं सहज दाबता येईल, तितकीच ‘हो’ला किंमत असते.

मग बंदी घालावी का? मला तसं वाटत नाही. ऊसतोडीत कंबर जाते, बांधकामावर छातीत सिमेंट जातं, पण तिथे आपण बंदी मागत नाही, कारण तिथे रक्त दिसत नाही. शिवाय बंदी स्वतःच एक बटण गायब करते. क्युबाने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला व्यावसायिक खेळच बंद केले. तीन ऑलिम्पिक सुवर्णपदकं जिंकणाऱ्या तेओफिलो स्टीव्हनसनने परदेशातल्या मोठ्या रकमा नाकारल्या आणि देशाने त्याला डोक्यावर घेतलं. पण दोन सुवर्णपदकं जिंकलेल्या गिलेर्मो रिगोन्डोला ‘हो’ म्हणायचं होतं, तर त्याला २००९ साली देश सोडून पळावं लागलं. नॉर्वेच्या बंदीने तर नॉर्वेची बॉक्सरही थांबली नाही. ती फक्त सीमेपलीकडे लढली.

देश नैतिक आहे की नाही हे बंदीवरून ठरत नाही. रिंगमधल्या मुलासाठी दुसरं कोणतं दार उघडं आहे, यावरून ते ठरतं. हे काम कायद्याच्या एका कलमाने होत नाही. शाळा, नोकऱ्या, दवाखाने यांनी ते हळूहळू होतं.

पण माझ्यासारख्याचं काय? अमेरिकेतल्या शनिवार रात्रीच्या लढती आपल्याकडे रविवारी सकाळी लागतात आणि मी त्या चहा घेत बघतो. मला त्या आवडतात. मग माझ्याकडे काय लागतं?

१९८०च्या नोव्हेंबरमध्ये पनामाचा रोबेर्टो दुरान शुगर रे लेनर्डविरुद्ध आठव्या फेरीत थांबला. ‘आता पुरे’ असं तो म्हणाला, असं सांगतात. त्याने ‘नाही’चं बटण दाबलं, एवढंच. त्याच्या १०० हून अधिक विजयांपेक्षा लोकांना आजही ती एक माघार जास्त आठवते, तीही टिंगलीसाठी. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९८२च्या नोव्हेंबरमध्ये, दक्षिण कोरियाचा किम डुक-कू लास व्हेगासमध्ये थांबला नाही. १४व्या फेरीत पंचांनी लढत थांबवली आणि काही दिवसांत तो गेला. त्या मृत्यूनंतर जागतिक लढती १५ फेऱ्यांवरून १२ वर आल्या.

या दोन लढतींच्या मधे आपण प्रेक्षक उभे आहोत. पंचांनी लढत थांबवली की ‘इतक्यात का?’ म्हणून ओरडतो ते आपण, कोपऱ्यातून टॉवेल आला की शिट्ट्या मारतो ते आपण. त्या बॉक्सरच्या गावात शाळा काढणं माझ्या हातात नाही. पण रिंगमधलं ‘नाही’चं बटण करडं होतं ते आपल्या ओरडण्याने, आणि तेवढं मात्र नक्कीच माझ्या हातात आहे.