पोट लहान झाले, नफ्सचे काय?

वजन कमी करण्यासाठी जठरावर केली जाणारी शस्त्रक्रिया आता दूरदेशीची बातमी राहिलेली नाही. मशिदीत आपल्या खांद्याला खांदा लावून सफेत उभा राहणारा एखादा भाऊ, नात्यातील एखादी भगिनी वर्षानुवर्षे मधुमेह, रक्तदाब, गुडघ्यांचे दुखणे आणि झोपेत अडखळणारा श्वास सोसून अखेर हा मार्ग पत्करते. अशी शस्त्रक्रिया जायज आहे की नाही, हे उलेमांना पुष्कळदा विचारले जाते. पण त्यानंतरचे जे आयुष्य असते, रोजच्या दस्तरखानावरचे, रमजानमधले, लग्नघरातले, त्याविषयी आपण फारसे बोलत नाही.

त्या आयुष्यातील एका प्रश्नाकडे या लेखात आपले लक्ष वेधावयाचे आहे. ज्या माणसाला अधिक खाताच येत नाही, त्याच्या कमी खाण्याला संयम म्हणावे काय? अल्लाहच्या दरबारी अशा संयमाला काही मोल असेल काय? वरवर पाहता हा प्रश्न त्या एका रुग्णाचा वाटतो. परंतु पोट आणि नफ्स यांचे नाते काय, हेच त्यात विचारलेले असल्याने तो आपणा सर्वांचा आहे.

उपचार घेणे हा ईमानचा दुबळेपणा नव्हे

आधी एक गैरसमज दूर करू या. काही जण म्हणतात, ईमान पक्के असते तर रोजे ठेवून, जीभ आवरून वजन उतरवले असते. पोट कापून घेण्याची वेळ का यावी? असे बोलणाऱ्याने दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली ही की, स्थूलपणा केवळ खादाडपणातून येत नाही. आनुवंशिकता, संप्रेरके, काही औषधे, झोप आणि मनावरचा ताण यांचाही त्यात वाटा असतो. सडपातळ असणे हा तकवाचा पुरावा नाही आणि स्थूल असणे हा गुन्ह्याचा पुरावा नाही.

दुसरी गोष्ट ही की, इस्लामने उपचाराला तवक्कुलच्या विरोधात कधीच उभे केलेले नाही. आम्ही औषधोपचार करावेत काय, असे काही लोकांनी विचारले असता प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तसे करण्यास सांगितले आणि वार्धक्य वगळता प्रत्येक आजारासाठी अल्लाहने इलाज ठेवला असल्याचे समजावले. युद्धात नाक गमावलेले सहाबी अरफजा (रजि.) यांनी चांदीचे नाक बसवले होते. त्याला दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा प्रेषितांनी त्यांना सोन्याचे नाक बसविण्यास सांगितले, वास्तविक सोने पुरुषांना वर्ज्य असतानाही. केवळ दिखाव्यासाठी शरीराची रचना बदलणे वेगळे आणि व्याधी दूर करण्यासाठी शरीराला हात लावणे वेगळे, हा विवेक येथून मिळतो. शरीर ही आपल्याकडे सोपवलेली अमानत आहे, आणि अमानतीची डागडुजी करणे म्हणजे तिची खयानत करणे नव्हे.

शस्त्रक्रिया काय बदलते आणि काय बदलत नाही

या शस्त्रक्रियेच्या दोन पद्धती विशेष प्रचलित आहेत. एकीत जठराचा सुमारे 75 ते 80 टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची एक नळी तेवढी शिल्लक राहते. दुसरीत जठराच्या वरच्या टोकाशी सुमारे 30 मिलिलिटर मावेल एवढी लहान पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. सुरुवातीला केवळ पातळ पदार्थ, मग दाटसर, मग मऊ अन्न, अशा पायऱ्यांनी काही आठवड्यांनंतर नेहमीचे जेवण सुरू होते. तेही चार-सहा घासांचे. प्रत्येक घास बारीक चावावा लागतो, जेवणाला वीस-तीस मिनिटे द्यावी लागतात, जेवताना पाणी पिता येत नाही. दररोज साधारण 60 ते 80 ग्रॅम प्रथिने पोटात जावीत यासाठी लक्ष ठेवावे लागते. बी-12, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. विशेषतः दुसऱ्या पद्धतीनंतर गोड पदार्थ घाईने खाल्ला, तर छाती धडधडते, दरदरून घाम येतो, गळून गेल्यासारखे होते. पहिल्या काही महिन्यांत पुष्कळांचे केस गळतात. बहुधा ते पुन्हा येतात.

हे सारे बदलते. परंतु दुःखाच्या प्रसंगी गोडाकडे जाणारा हात बदलत नाही. कंटाळा आला की स्वयंपाकघराकडे वळणारी पावले बदलत नाहीत. ज्याने आयुष्यभर अन्नातच दिलासा शोधला, त्याचा तो दिलासा एका दिवसात काढून घेतला जातो आणि मनात एक पोकळी उरते. म्हणूनच काही जण शस्त्रक्रियेनंतर उदास होतात, तर काहींना दुसरेच एखादे व्यसन जडते. चाकू जठरापर्यंत पोहोचतो. नफ्सपर्यंत पोहोचत नाही.

सक्तीचा संयम

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कोणी म्हणेल, जेथे निवडीला वाव नाही तेथे पुण्य कसले? ज्याचे हात बांधलेले आहेत त्याने चोरी केली नाही, म्हणून त्याला प्रामाणिक कोण म्हणेल? युक्तिवाद सबळ आहे. परंतु तो वस्तुस्थितीला धरून नाही.

शस्त्रक्रियेने एकच दार बंद होते, ते म्हणजे एका बैठकीत भरपूर जेवण्याचे. लहान दारे उघडीच राहतात. गोड शरबत, फालुदा, आइस्क्रीम, चिवडा, वेफर्स हे लहान पोटातूनही सहज उतरतात; दिवसभर थोडे थोडे खात राहिले तर उतरवलेले वजन पुन्हा चढते. शिवाय भुकेला चेतवणारे संप्रेरक कमी झाल्याने पहिल्या वर्षात जी भूक मंदावलेली असते, ती पुढे बऱ्याच जणांत हळूहळू परतते. म्हणजे निवड संपलेली नाही. ती दिवसातून दहा वेळा करावी लागते. शस्त्रक्रियेने मिळते ती मोहलत. त्या मोहलतीत नव्या सवयी रुजवल्या, तरच पुढची वाट सोपी होते.

रोजाचाच विचार करा. सहरची वेळ संपली की खाणे बंद, ही मर्यादा आपण ठरवलेली नसते. ती अल्लाहने घातलेली असते. तरीही त्या मर्यादेत राहणे ही इबादत ठरते, कारण त्यात आपली नियत मिसळलेली असते. नियतविना तेच उपाशीपण नुसती भूक ठरते. कर्मांचे मोल नियतवर ठरते, ही शिकवण सहीह बुखारीच्या पहिल्याच हदीसमध्ये आलेली आहे. तेव्हा ज्याच्या पोटाला मर्यादा पडली आहे, त्याने त्या मर्यादेकडे तुरुंगाची भिंत म्हणून पाहावे की रोजाची हद्द म्हणून पाहावे, हे त्याच्याच हाती आहे. चार घासांनंतर थांबताना ‘काय करू, जातच नाही’ असे तो म्हणू शकतो. त्याच क्षणी ‘अल्हम्दुलिल्लाह, एवढे पुरे’ असेही म्हणू शकतो. घास तेवढेच, पण पहिल्यात नाइलाज आहे, दुसऱ्यात शुक्र आहे.

आणखी एक गोष्ट विसरू नये. आपल्या दुर्बलतेची जाणीव ठेवून जो स्वतःहून स्वतःभोवती कुंपण घालून घेतो, त्याने निवड आधीच केलेली असते.

प्रेषितांनी पोटाला भरण्यासाठीचे सर्वांत वाईट पात्र म्हटले आहे. पाठ ताठ राहील इतके घास माणसाला पुरेत. त्याहून अधिक हवेच असेल, तर पोटाचा एक हिस्सा अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला ठेवावा, असा त्यांच्या उपदेशाचा आशय आहे. ज्याच्या जठराची मर्यादा शल्यचिकित्सकाने आखली, तो या हदीसकडे आज वेगळ्या नजरेने पाहतो. पण खरे सांगायचे तर ज्यांचे जठर शाबूत आहे, त्यांनाच ती अधिक लागू आहे. आपल्याला थांबवणारे कोणी नाही. थांबायचे आपण आहोत.

ताटात उरलेला घास

या रुग्णांना एक वेदना असते, ती सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. लहानपणापासून आपल्याला शिकवलेले असते की, रिज्कची बेअदबी करू नये, ताट स्वच्छ करावे, बोटांना लागलेलेही वाया घालवू नये. ही सुन्नतचीच शिकवण आहे. आता अर्ध्या चपातीवर पोट भरते आणि उरलेली अर्धी समोर पडून असते. टाकावी तर गुन्हा वाटतो. खावी तर उलटी होते.

येथे इस्राफचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. कुरआनने खाण्यापिण्याची मोकळीक देतानाच अतिरेकाची मनाई केली आहे. अन्न कचऱ्यात टाकणे हा जसा अतिरेक आहे, तसे भरलेल्या पोटात ते कोंबणे हाही अतिरेकच आहे. गरज नसलेला घास पोटात टाकल्याने तो वाचत नाही; फक्त टाकण्याची जागा बदलते. यावर उपाय सोपा आहे. ताट लहान घ्यावे, आधीच कमी वाढून घ्यावे, उरले तर झाकून ठेवावे किंवा शेजारच्याला द्यावे. एकाचे अन्न दोघांना आणि दोघांचे चौघांना पुरते, ही प्रेषितांची शिकवण आहेच. जे अन्न पूर्वी एकाच्या पोटात जात होते, त्यात आता दुसऱ्याचा वाटा निघू शकतो. पूर्वीच्या जेवणावर होणाऱ्या खर्चातून एखाद्या गरजूला जेवू घालण्याचा परिपाठ ठेवला, तर लहान झालेले पोट दुसऱ्याचे पोट भरण्याचे निमित्त होईल.

घरातल्यांची कसोटी

आतापर्यंत रुग्णाविषयी बोललो. आता त्याच्या भोवती बसणाऱ्या आपणाविषयी.

आपल्या घरांत प्रेम वाढले जाते ते पळीने. वलीमा असो, ईदचा शीर खुर्मा असो की औरंगाबादकडील नान-खलिया, ‘आणखी थोडे’ म्हटल्याशिवाय पाहुणचार पुरा झाला असे आपल्याला वाटत नाही. हा आग्रह मायेपोटी असतो, यात शंका नाही. पण ज्याला तो पाचव्या घासानंतर यातना देणार आहे, त्याच्यासाठी तो जुलूम होतो. ‘माझ्या हातचे खाल्ले नाहीस’ असे म्हणून आई रुसते, ‘एवढ्याशाने काय होते’ म्हणून मामू ताटात बोटी टाकतात, आणि तो बिचारा मन राखण्यासाठी खातो व नंतर न्हाणीघरात जाऊन उलटी करतो.

प्रेषितांच्या दस्तरखानाचा शिरस्ता पाहा. त्यांनी कधी अन्नाला नावे ठेवली नाहीत. आवडले तर घेतले, नाही तर राहू दिले. एकदा त्यांच्यापुढे भाजलेली घोरपडीसारखी वाळवंटी सरड्याची जात आली. त्यांनी हात मागे घेतला आणि आपल्या भागात हे नसते, म्हणून मन घेत नाही, असे सांगितले. खालिद बिन वलीद (रजि.) यांनी मात्र तेच आवडीने खाल्ले. एकाच दस्तरखानावर एक खातो आहे, दुसरा खात नाही, आणि कोणीही कोणाला जबरदस्ती करीत नाही. हीसुद्धा सुन्नत आहे. यजमानाने ‘बिस्मिल्लाह करा’ म्हणावे आणि मग पाहुण्याच्या ताटाकडे पाहणे सोडावे.

याहून गंभीर गोष्ट जिभेची आहे. ‘किती सुकली’, ‘चेहरा उतरला’, ‘पैसे घालून बारीक झाली’, ‘बघा, पुन्हा सुटायला लागली’; ही कुजबुज अनेक लग्नघरांत बिर्याणीबरोबर वाढली जाते. सूरह अल-हुजुरातमध्ये थट्टेची मनाई आहे, आणि गीबतला मृत भावाचे मांस खाण्याची उपमा दिलेली आहे. विचार करा, दस्तरखानाच्या एका कोपऱ्यात एक भगिनी चार घास कसेबसे गिळते आहे आणि दुसऱ्या कोपऱ्यात तिचेच मांस खाल्ले जात आहे. त्या घडीला अनावर भूक कोणाची आहे?

औषधे आणि रमजान

दोन व्यावहारिक बाबी. जीवनसत्त्वांच्या अनेक कॅप्सूलांचे वेष्टन जिलेटिनचे असते, म्हणून काही जण शंकेपोटी ती घेणेच सोडून देतात. हे धोक्याचे आहे. लोह किंवा बी-12 यांची उणीव हळूहळू येते आणि बी-12 ची उणीव तर मज्जासंस्थेपर्यंत इजा करू शकते. डॉक्टरांना स्पष्ट सांगून शाकाहारी वेष्टनाची कॅप्सूल, साधी गोळी किंवा इंजेक्शन मागावे.

रोजाबाबतही घाई नको. शस्त्रक्रियेनंतर पाणी घोटघोट प्यावे लागते आणि दिवसभर ते बंद राहिले तर शरीर शुष्क पडण्याचा धोका असतो. रोजा कधीपासून झेपेल, हे आपली प्रकृती जाणणाऱ्या डॉक्टरांनाच विचारावे. अल्लाहने आजाऱ्याला सवलत दिली आहे; बरे झाल्यावर कजा आणि बरे होण्याची आशा नसल्यास फिदिया, हा मार्ग उलेमा सांगतील. अल्लाहने दिलेली सवलत लोकलज्जेपोटी नाकारणे म्हणजे तकवा नव्हे.

नवे शरीर, जुनी अमानत

वजन उतरू लागते तसे आरशाचे आकर्षण वाढते. यात आनंद मानण्यास हरकत नाही. पण कालपर्यंत ज्या नजरांनी आपल्याला दुखावले, त्याच नजरेने आपण आज दुसऱ्या स्थूल माणसाकडे पाहू लागलो, तर शरीरावरून उतरलेले ओझे मनावर चढले असे समजावे. उलट, कोणाचे वजन पुन्हा वाढले, त्वचा सैल पडली, तर त्याने निराश होऊ नये. वजनकाट्यावरचा आकडा म्हणजे अल्लाहच्या मीजानमधले वजन नव्हे.

ज्यांना पूर्वी खुर्चीवर बसून नमाज अदा करावी लागे, त्यांपैकी कित्येकांचे कपाळ आता जमिनीला टेकते. खुर्चीवरची ती नमाजही उणी नव्हती. ज्याला उभे राहता येत नाही त्याने बसून आणि बसता येत नाही त्याने कुशीवर पडून नमाज अदा करावी, ही सवलत प्रेषितांनीच दिलेली आहे. तरीही वर्षांनंतर लाभलेला तो सजदा किती मोठी नेमत आहे, हे ज्याने तो गमावला होता त्यालाच ठाऊक. शरीराचा माणसावर हक्क आहे, हे सलमान (रजि.) यांनी अबू दरदा (रजि.) यांना समजावले आणि प्रेषितांनी त्यास दुजोरा दिला. तो हक्क अदा करण्याचे निमित्त एखाद्यासाठी शस्त्रक्रिया ठरते. आपल्यापैकी इतरांसाठी ते निमित्त कोणते, हे ज्याने त्याने आपल्या ताटाकडे पाहून ठरवावे.

अल्लाह आपल्या आजारी बंधुभगिनींना शिफा देवो, त्यांच्या नाइलाजाला नियतची जोड देवो, आणि ज्यांची पोटे शाबूत आहेत अशा आपणास हात व जीभ दोन्ही आवरण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.