मूळ गाव कुठलं?

काही दिवसांपूर्वी पुण्यात एका घरगुती बैठकीत मॉरिशसहून आलेल्या एका मराठी बाईंची ओळख करून देण्यात आली. कुणीतरी कौतुकानं विचारलं, “ताई, गाव कुठलं तुमचं?” त्या म्हणाल्या, “वाक्वा.” हे मॉरिशसमधलं शहर. विचारणारे हसले. “तसं नव्हे हो, मूळ गाव?” बाई क्षणभर गप्प झाल्या, मग म्हणाल्या, “रत्नागिरीकडचं म्हणतात.” आता कुठे सगळ्यांचं समाधान झालं. पुढे बोलणाऱ्यांनी ‘समुद्रापलीकडचा छोटा महाराष्ट्र’ आळवला आणि पावणेदोनशे वर्षांत या लोकांनी मराठीपण कसं सोडलं नाही, आपण मात्र घरात राहून कसं घालवतो आहोत, हे ऐकवलं. २०२३ साली तिथे शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण झाल्यापासून अशी भाषणं वाढली आहेत. त्यामागे माया आहे, हे मी नाकारत नाही. पण त्या मायेत बाईंचं पहिलं उत्तर पुसलं गेलं. ते उत्तर खरं होतं आणि पूर्ण होतं.

वंशाचा वारसा आधीपासून असतो, राष्ट्र नंतर येतं, आणि पुढे दोघांची ओढाताण चालते, असं आपण धरून चालतो. मॉरिशसचा इतिहास मला वेगळं सांगतो. तिथे वारसा आणि राष्ट्र एकाच काळात, एकमेकांच्या हातानं घडले.

सुरुवातीची हकिगत बहुतेकांना माहीत आहे. १८३४ पासून भारतातून गिरमिटिये, म्हणजे करारबद्ध मजूर, येऊ लागले, पुढच्याच वर्षी गुलामगिरी संपली, आणि १९१० पर्यंत सुमारे साडेचार लाख माणसं उसाच्या मळ्यांसाठी पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरली. बहुतेक कलकत्त्याहून, त्याखालोखाल मद्रासहून. मुंबई बंदरातून आलेल्यांचा वाटा लहान. कारकुनानं दप्तरात उतरवलेलं बापाचं किंवा आज्याचं नाव हेच पुढे कित्येकांचं आडनाव झालं. ‘बाबाजी’ हे तिथे आज आडनाव आहे. मळ्यात भोजपुरी कानावर पडायची, बाजारात गुलामांनी घडवलेली क्रेओल भाषा. कोकणातून आलेल्याची मुलं दोन्ही शिकली.

ब्रिटिशांनी माणसांचे गट पाडले आणि १९६८च्या संविधानानं ते कायम केले: हिंदू, मुस्लिम, चिनी वंशाचे आणि ‘जनरल पॉप्युलेशन’. राहणीमानावरून पहिल्या तिघांत न बसणारा तो चौथ्यात, अशी ही व्याख्या. म्हणजे मळेवाल्या फ्रेंच घराण्यांचे वंशज आणि त्याच मळ्यांवरच्या आफ्रिकी, मादागास्करी गुलामांचे वंशज एकाच नावाखाली आले, आणि ते नावही ‘उरलेले’ एवढंच सांगणारं. मराठी, तमिळ, तेलुगू ‘हिंदू’त गेले. या गटांच्या आधारे ‘बेस्ट लूझर’च्या आठ जागा ठेवल्या गेल्या: निवडणुकीत ज्या समुदायाला कमी जागा मिळतील, त्याच्या पराभूत उमेदवारांतून त्या भरायच्या. हिंदू बहुमताखाली आपण दबून जाऊ, ही अल्पसंख्याकांची भीती खरी होती. १९६७च्या निवडणुकीत सुमारे ४४ टक्के मतं दुव्हाल या नेत्याच्या, स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्या पक्षाकडे गेली होती, आणि स्वातंत्र्याच्या तोंडावर पोर्ट लुईत दंगल पेटली होती.

माझ्या मते सगळे चुकीचं वाचतात ते यानंतरचं वळण, १९८२-८३चं.

१९८२च्या जूनमध्ये बेराँजे आणि जगन्नाथ या नेत्यांच्या आघाडीनं मुख्य बेटावरच्या साठच्या साठ जागा जिंकल्या. ‘एकच लोक, एकच राष्ट्र’ ही घोषणा त्यांनी क्रेओलमध्येच दिली होती. त्याच वर्षी घटनादुरुस्ती होऊन जनगणनेतला समुदायाचा प्रश्न गेला. १९८३च्या स्वातंत्र्यदिनी राष्ट्रगीत क्रेओलमध्ये वाजलं, वादळ उठलं, आणि काही दिवसांत सरकार फुटलं. याचं वाचन दोन तऱ्हांनी होतं. एक म्हणतात, मॉरिशसनं जात-वंश मोजणं बंद केलं आणि तो ‘इंद्रधनुषी राष्ट्र’ झाला. दुसरे म्हणतात, रक्त पाण्यापेक्षा दाट निघालं, वारशानं राष्ट्राला हरवलं. दोन्ही वाचनांत त्या घटनादुरुस्तीचा उरलेला अर्धा भाग सुटतो.

समुदाय मोजणं थांबलं. त्यावरून जागा देणं थांबलं नाही. ‘बेस्ट लूझर’ पद्धत राहिली आणि तिच्यासाठी १९७२ची जनगणना कायमची धरण्यात आली: निम्म्याहून थोडे जास्त हिंदू, सुमारे २९ टक्के जनरल पॉप्युलेशन, सुमारे १७ टक्के मुस्लिम, जवळपास ३ टक्के चिनी वंशाचे. त्या वर्षी जन्मलेलं मूल आज पन्नाशी ओलांडून गेलं, पण जागांचा हिशोब त्याच आकड्यांवर. उमेदवाराला अर्जावर आपला समुदाय लिहावा लागतो. २००५ मध्ये काही तरुणांनी तो लिहायला नकार दिला आणि प्रकरण न्यायालयात गेलं. २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीनं त्यांच्या बाजूनं मत दिलं. २०१४च्या निवडणुकीपुरती सूट मिळाली.

जनगणनेच्या कागदावर समुदायाचा प्रश्न गेला, तरी ‘पूर्वजांची भाषा’ हा रकाना होता. ओळख सांगायची ती आता त्या रकान्यात. तिथे काय भरलं गेलं ते पाहा. ज्यांचे आजे-पणजे भोजपुरी बोलत त्यांनी मोठ्या संख्येनं हिंदी लिहिली. बिहारकडून आलेल्या मुसलमानांच्या कित्येक वंशजांनी १९८३ मध्ये अरबी लिहिली. पुढच्या गणनेत अनेकांनी उर्दू. यात खोटेपणा नव्हता. पूर्वज कोण होते, यापेक्षा आज आपल्याला कोण म्हणून ओळखलं जावं, याचं ते उत्तर होतं. ‘हिंदू’ या मोठ्या नावात आपण बुडू नये, म्हणून मराठी आणि तमिळ घरांनी आपापली भाषा लिहिली. शाळेत तिचे तास मिळवले, मोका गावातल्या महात्मा गांधी संस्थेत ती शिकवली गेली, गणेश चतुर्थी देशाची सार्वजनिक सुट्टी झाली. ही सारी देवाणघेवाण मॉरिशियन नागरिकांनी मॉरिशसच्या सरकारशी केली. मराठीपण ही त्यांची नागरिक म्हणून केलेली मागणी होती.

ती मागणी किती नाजूक असते, हे १९९८च्या नोटांवर दिसलं. नव्या नोटांवर हिंदी मजकूर तमिळच्या वर छापला गेला. एका ओळीचा फरक. तमिळ समाज रस्त्यावर आला आणि नोटा मागे घ्याव्या लागल्या. त्याआधी, १९९५ मध्ये, प्राथमिकच्या परीक्षेत पौर्वात्य भाषांचे गुण धरण्यासाठीची घटनादुरुस्ती फसली. पंतप्रधान जगन्नाथांनी सभागृह विसर्जित केलं आणि पुढच्या निवडणुकीत त्यांचा पुरता पाडाव झाला.

या सगळ्यात मागे राहिले ते क्रेओल, म्हणजे त्या आफ्रिकी, मादागास्करी गुलामांचे वंशज. त्यांच्या पूर्वजांच्या भाषा गुलामांच्या जहाजांतच तुटल्या. जी भाषा त्यांनी इथे घडवली ती सगळ्यांचीच झाली, म्हणून ती कुणाचाच ‘वारसा’ ठरली नाही. जवळजवळ सगळा देश घरात बोलतो ती भाषा प्राथमिक शाळेत ऐच्छिक विषय म्हणून आली २०१२ साली. १९९९ मध्ये काया हा लाडका क्रेओल गायक पोलीस कोठडीत मेला आणि बेट पेटलं, तेव्हा त्या आगीत हा जुना सल होता. पूर्वज दाखवता येणं हाच राष्ट्रात शिरण्याचा परवाना झाला, आणि ज्यांचे पूर्वज हिरावून घेतले गेले त्यांना तो मिळाला नाही. म्हणून ‘छोटा महाराष्ट्र’ हे कौतुक मला निरुपद्रवी वाटत नाही. ते त्या परवान्यावर आपलाही शिक्का मारतं.

मॉरिशसच्या गणपतीत आजही झाकरी नाचतात. ती आपल्या कोकणातलीच जाखडी, ढोलकीच्या ठेक्यावर गोल धरून. गाणी मराठी; नाच थांबला की घाम पुसत होणाऱ्या गप्पा मात्र क्रेओलमध्ये. आपण गाणी ऐकतो आणि ‘टिकवलं’ म्हणतो. गप्पाही ऐकायला हव्यात. त्या गोलात उभ्या असलेल्या पोरीला गाणं आणि गप्पा यांत निवड करावी लागत नाही. निवड करायला लावतो आपण.

बैठक संपल्यावर मी त्या बाईंना वाक्व्याबद्दल विचारलं. त्या बराच वेळ बोलल्या: तिथला पाऊस, बाजार, शाळा. रत्नागिरीचं नाव पुन्हा निघालं नाही, आणि मीही काढलं नाही.