तुकोबांची वाट देहूरोडवरून जाते

लिव्हरपूलमध्ये बीटल्सच्या मागावर हिंडवून आणणाऱ्या सहली वर्षभर चालू असतात. जॉन लेनन जिथे लहानाचा मोठा झाला ते मावशीचं घर आणि पॉल मॅकार्टनीचं साधं चाळवजा घर, दोन्ही आता नॅशनल ट्रस्टने जपली आहेत. कॅव्हर्न क्लबात तर जायलाच हवं. गंमत अशी की मूळ तळघर १९७३ मध्ये बंद पडून बुजवलं गेलं. १९८४ मध्ये जुन्या विटा वापरून, बऱ्याच अंशी त्याच जागी, ते पुन्हा उभारलं. माणसं तिथल्या भिंतीवर तळवा टेकवून गहिवरतात. यातली जुनी वीट कोणती, हे विचारायची शुद्ध त्या घडीला कुणाला नसते. व्हिएन्नातही मोत्झार्टच्या स्मारकावर फुलं पडतात. १७९१ मध्ये त्याला नेमकं कुठे पुरलं, ते मात्र कुणालाच ठाऊक नाही.

महाराष्ट्रात अशी सहल आखायची तर गाणारा कोण निवडायचा, यावर फार वाद होऊ नये. ज्याचे अभंग साडेतीनशे वर्षं टाळ-मृदंगावर अखंड म्हटले जात आहेत, तो देहूचा वाणी. तुकोबांना कुणी संगीतकार म्हणत नाही हे खरं. पण सुरुवातीला आपण दुसऱ्यांच्या कीर्तनात मागे उभे राहून धृपद धरत होतो, हे त्यांनी आपल्या आत्मपर अभंगात स्वतःच सांगितलं आहे. पुढे त्यांच्या मागे चौदा टाळकरी उभे राहिले. आधी मागे गाणारा, मग पुढे गाणारा: कोणत्याही गवयाचं चरित्र याहून निराळं नसतं.

देहूत ही पायवाट तयारच आहे. विठ्ठलमंदिर, शेजारचं शिळामंदिर, इंद्रायणीतला आनंदडोह, पुढे गोपाळपुऱ्यातली नांदुरकी. वाटाड्यांचं सांगणंही ठरलेलं: इथे वह्या बुडवल्या, या शिळेवर तेरा दिवस अन्नपाण्यावाचून बसले, इथून वैकुंठाला गेले. नव्या काळाने त्यात भर घातली आहे. अभंग भिंतींवर कोरलेलं गाथामंदिर उभं राहिलं, आणि नव्या शिळामंदिराचं लोकार्पण १४ जून २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झालं. अनेकांच्या मनातलं देहू मात्र यांतलं कोणतंच नसतं. ते असतं प्रभातच्या १९३६ सालच्या ‘संत तुकाराम’मधलं, विष्णुपंत पागनीसांच्या आवाजातलं.

या सगळ्या वाटेवर एक गोष्ट नाही, ती म्हणजे समाधी. आळंदीला ज्ञानेश्वरांची समाधी आहे, देहूला तुकोबांची नाही. परंपरेच्या श्रद्धेनुसार ते सदेह वैकुंठाला गेले. म्हणजे मागे अस्थी नाही, माती नाही. बीजेला, फाल्गुन वद्य द्वितीयेला, भर दुपारी नांदुरकीचं झाड हलतं असं मानून हजारो डोळे फांद्यांकडे लागतात. आणि चिरंजीव नारायण महाराजांनी १६८५ मध्ये जी पालखी सुरू केली, तिच्यात पादुका असतात.

मग प्रश्न पडतो तो लिव्हरपूलचाच, पण इथे जास्त टोचणारा. ‘हे इथेच घडलं’ हे खरं असण्यावर त्या जागेचं पावित्र्य अवलंबून असतं का?

खुद्द तुकोबांना विचारलं तर उत्तर अवघड करून ठेवलेलं मिळतं. तीर्थात जाऊन अंग धुणाऱ्यांची त्यांनी जेवढी टर उडवली, तेवढी क्वचितच कुणी उडवली असेल. पाण्याने कातडं धुतलं, मनाचं काय, असा त्यांचा रोकडा सवाल. आणि तरीही ते वारकरी होते. वारी त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होती, आणि पंढरीला जाता आलं नाही तर ते व्याकूळ होत. ही विसंगती नव्हे. जागेला स्वतःचं असं पुण्य नाही, तिथे जमणाऱ्यांमुळे ते येतं, असा त्यांचा एकूण रोख दिसतो. संत भेटतात म्हणून पंढरी. हे मानलं तर वाटाड्याचं निम्मं भाषण बाद होतं. कुठल्या दगडावर कोण बसलं यापेक्षा आज तिथे कोण बसलं आहे आणि काय म्हणत आहे, हे मोलाचं ठरतं.

बहिणाबाईंची हकीकत याला पुरावा म्हणून घेता येईल. तुकोबांना प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाने लिहिलेलं जे थोडंफार आज हाती आहे, त्यात या बाईचं आत्मनिवेदन सर्वांत जिवंत. कोल्हापुरात जयरामस्वामींच्या कीर्तनात त्यांनी तुकोबांचे अभंग ऐकले. ऐकूनच त्यांना गुरू मानलं, स्वप्नात उपदेश झाला, आणि देहू पाहिलं त्यानंतर. ब्राह्मण घरातल्या या तरुण बाईने शूद्र गुरू केला म्हणून घरात नवऱ्याचा आणि देहूत मंबाजीचा जाच सोसला. आधी आवाज पोचला, मागून जागा आली. आजच्या पर्यटनाचा क्रम बरोबर उलटा आहे.

तो आवाज तरी कुठे उरला आहे? तुकोबांच्या चाली कुणी लिहून ठेवल्या नाहीत. शब्द मिळाले, तेही किती वळणांनी. संताजी जगनाडे आणि गंगाराम मवाळ यांनी लिहून घेतलं, देहूच्या देवळात भिजकी वही राहिली. मुंबई सरकारच्या पैशाने विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी १८६९ आणि १८७३ मध्ये दोन भागांत गाथा छापली, आणि तिच्यात साडेचार हजारांहून अधिक अभंग आले. सूर मात्र कागदावर उतरला नाही. फडांच्या चाली एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात गेल्या, जाताना बदलल्या. भीमसेन जोशींची संतवाणी किंवा श्रीनिवास खळ्यांच्या चालीत लताबाईंनी गायलेले अभंग ऐकताना तुकोबा असेच गात असतील, असा दावा कुणी करत नाही. आणि तो नाही म्हणून कुणाचं काही अडतही नाही.

इथपर्यंत गोष्ट सोपी वाटते: खरं-खोटं सोडा, भाव धरा. मराठी मनाला हे उत्तर फार आवडतं. पण तुकोबांची ही सहल देहूत न संपवता देहूरोडपर्यंत आणली, की हे उत्तर अपुरं पडतं.

देहूरोड म्हणजे पुणे-लोणावळा लोकलचं स्टेशन, जुना मुंबई-पुणे रस्ता, कॅन्टोन्मेंट आणि लष्करी डेपोंभोवती वाढलेली वस्ती. देहूची पालखी अनगडशाहवलींच्या दर्ग्यापाशी पहिली आरती घेऊन, चिंचोली पादुकांवरून पुढे निघते ती देहूरोडातूनच निगडी-आकुर्डीकडे जाते. एरवी भाविक इथे लोकलमधून उतरतात आणि रिक्षा पकडून निघून जातात. पण याच गावात २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी रंगूनहून आलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना केली. नागपूरच्या धम्मदीक्षेला अजून पावणेदोन वर्षं होती. त्या दिवशी जमलेल्या हजारो लोकांसमोर बाबासाहेब म्हणाले की पंढरपूरची मूर्ती मुळात बुद्धाची आहे. यावर प्रबंध लिहून तो पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळापुढे वाचण्याचा मनोदयही त्यांनी बोलून दाखवला. तो प्रबंध पुरा होऊन लोकांसमोर आला नाही. ६ डिसेंबर १९५६ ला ते गेले.

तुकोबांच्या गावाच्या वेशीवर विठ्ठलाबद्दल हे बोलणारा माणूस तुकोबांना परका नव्हता. कबीरपंथी वडिलांच्या घरात संतांची वाणी रोज कानी पडत होती. ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’चा पहिला अंक निघाला, त्याच्या शिरोभागी तुकोबांचाच अभंग होता. तेव्हा देहूरोडचं विधान हे बाहेरून मारलेला खडा नव्हे. ज्यांच्या वाडवडिलांनी वारी केली, अभंग म्हटले, पण पंढरपुरात चोखोबांच्या समाधीपाशीच ज्यांचे पाय अडवले गेले, त्यांच्या वतीने केलेला तो मालकीचा दावा होता. साने गुरुजींच्या उपोषणानंतर १९४७ मध्ये ते मंदिर अस्पृश्यांना खुलं झालं. देहूरोडच्या भाषणावेळी त्याला जेमतेम सात वर्षं झाली होती.

ज्याला आत जाता येतं, त्याला ‘खरं-खोटं सोडा’ म्हणणं परवडतं. ज्याला पायरीवर थांबवलं, त्याच्यासाठी ‘ही जागा मुळात कुणाची’ हा प्रश्न न्यायाचा होतो. भावाला पुरावा लागत नाही, हक्काला लागतो.

मग दावा टिकतो का? रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल: एक महासमन्वय’ या ग्रंथात तो गंभीरपणे घेतला आहे, टाळलेला नाही. मराठी संत विठ्ठलाला बुद्धावतार म्हणत आले, आणि जुन्या दशावतारांच्या चित्रांत-शिल्पांत नवव्या अवताराच्या जागी विटेवरचा विठ्ठल दिसतो, हे त्यांनी साधार दाखवलं. मूळ शोधताना मात्र ते गवळी-धनगरांच्या देवाकडे वळतात. मूर्तिशास्त्राच्या अंगाने पाहिलं तर पंढरपूरची मूर्ती बुद्धाची होती हे सिद्ध झालेलं नाही, असंच म्हणावं लागतं. पण प्रश्न उगाच निघाला होता, असंही म्हणता येत नाही. त्यासाठी स्टेशनवरून मान वर करून पाहिलं तरी पुरे.

समोर घोरवडीचा डोंगर आहे. शेलारवाडीची लेणी म्हणतात ती हीच, आणि आजच्या लोकांसाठी घोराडेश्वर. डोंगरात कोरलेला बौद्ध चैत्य आणि विहार, आणि आज तिथे महादेवाची पिंड. महाशिवरात्रीला जत्रा भरते. एका लेण्यातला ब्राह्मी लेख सांगतो की ते लेणं धेनुकाकट इथे राहणाऱ्या उसभणक नावाच्या नांगरधारी कुटुंबिकाच्या बायकोने, सियगुतणिकेने, आपल्या मुलासह दान दिलं. राजा नाही, सावकार नाही, शेतकऱ्याची बायको. भंडारा, भामचंद्र आणि घोराडा या तीन डोंगरांवर तुकोबा एकांताला जात, असं परंपरा सांगते. या तिन्ही डोंगरांवर प्राचीन लेणी आहेत. म्हणजे शेतकऱ्याच्या बायकोने भिक्षूंसाठी कोरवून घेतलेल्या सावलीत दीड हजार वर्षांनी एक कुणबी वाणी बसला, आणि त्याच डोंगराखाली आणखी तीनशे वर्षांनी बुद्ध पुन्हा स्थापला गेला. घोराड्याच्या नेमक्या कोणत्या कपारीत तुकोबा बसले, हे कुणी दाखवू लागलं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. पण लेण्यातला लेख दगडात आहे, आणि १९५४ ची तारीख नोंदलेली आहे.

या सहलीला सगळ्यांत चांगला वाटाड्या दामोदर कोसंबी ठरले असते. गणिताचा हा प्राध्यापक हातात काठी घेऊन पुण्याभोवतीचे डोंगर पालथे घालायचा आणि वाटेत अश्मयुगीन गारगोट्यांची हत्यारं वेचायचा. आळंदी-पंढरपूरची वारीची वाट फार जुन्या, शेतीपूर्व काळातल्या माणसांच्या वाटेवरून जाते, असं त्यांनी ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’त मांडलं. त्यांचे वडील धर्मानंद यांनी मराठी वाचकाला बुद्ध दाखवला. कोसंबींनी भाविकाला चिमटा काढला असता आणि नास्तिकालाही. मुख्य म्हणजे त्यांनी देहूरोड वगळलं नसतं.

आजच्या वारसा-सहली वगळतात. तुकोबांच्या मागावर निघालेले गट देहू आणि फार तर भंडारा करून परततात. बुद्धविहाराला येणारे धम्मभूमीवर माथा टेकवून घोराड्याकडे न पाहता लोकल पकडतात, आणि महाशिवरात्रीची गर्दी दोन्हींना ओळखत नाही. तिघांच्या तीन सहली, तीन वाटाडे, आणि प्रत्येकाची आपली तेवढी जागा खरी.

देहूच्या सहली आखणाऱ्या संस्थांना म्हणून एक विनंती करावीशी वाटते. सुरुवात देहूरोड स्टेशनवर करा. सकाळच्या उन्हाआधी घोराडेश्वराच्या पायऱ्या चढा आणि तो ब्राह्मी लेख लोकांना वाचून दाखवा. उतरल्यावर बुद्धविहारात जा, १९५४ च्या भाषणात काय म्हटलं गेलं ते न गाळता सांगा, ढेऱ्यांचं म्हणणंही सांगा. मग पालखीच्या वाटेने उलट चालत पाच-सहा किलोमीटरवरच्या देहूला पोचा, आणि नांदुरकीपाशी वाटाड्याने बोलणं थांबवून टाळ लोकांच्या हाती द्यावेत. २५ डिसेंबरला विहारात मोठी गर्दी असते. जमलं तर पहिली सहल त्याच दिवशी काढा.