ज्याला थांबणं सोपं

पुण्यातल्या वेताळ टेकडीवर गोखलेनगरच्या बाजूनं चढताना एका ठिकाणी वाट इतकी अरुंद होते, की तिथून एका वेळी एकच माणूस जाऊ शकतो. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला घाणेरीचं दाट झुडूप आणि मधून जेमतेम पाऊल मावेल एवढी पायवाट. पहाटे साडेपाचपासून या जागी माणसं समोरासमोर येतात. एक थांबतो, अंग चोरून कातळाला टेकतो, दुसरा पुढं जातो. कधी मान हलते, कधी तीही नाही. सारा व्यवहार दोन-तीन सेकंदांत आटोपतो. वर्षानुवर्षं तो पाहताना माझ्या मनात एकच प्रश्न घोळत राहिला: या दोघांपैकी थांबायचं कुणी?

टेकडी नीट डोळ्यांपुढे आणली, तर हा प्रश्न कुठून येतो ते कळेल. वेताळाचं देऊळ समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे पुणे शहरापेक्षा साधारण सव्वादोनशे मीटर वर. तिथं पोचायला एक दरवाजा नाही. गोखलेनगर, पंचवटी, पाषाण, कोथरूड, लॉ कॉलेज, फर्ग्युसनमागची हनुमान टेकडी अशा सगळ्या बाजूंनी वाटा चढतात आणि माथ्यावर एकमेकींत मिसळतात. तिकीट नाही, नावनोंदणी नाही. त्यामुळे इथं कोण कशासाठी आलंय याला धरबंध नाही. कुणी डॉक्टरनं चालायला सांगितलं म्हणून येतं, कुणी मॅरेथॉनच्या तयारीला पळतं, कुणी जाड टायरची सायकल घेऊन येतं. दुर्बीण गळ्यात अडकवलेली पाखरंवेडी मंडळी खाणीच्या पाण्याजवळ तास तास उभी असतात. भरतीची तयारी करणारी पोरं चढावर दौडतात. शेळ्या-म्हशी घेऊन गुराखी येतात, चुलीसाठी वाळक्या काटक्या गोळा करायला बायका येतात. याच डोंगररांगेवर, फर्ग्युसनच्या मागं, १२ जून १९०५ रोजी गोपाळ कृष्ण गोखल्यांनी मोजक्या सहकाऱ्यांसह भारत सेवक समाजाची स्थापना केली. देशसेवेची शपथ घ्यायला त्यांनाही हीच मोकळी जागा सापडली होती.

बागेत तिकीट असतं, वेळ असते, पाट्या असतात आणि नियम मोडला की शिट्टी वाजवणारा रखवालदार असतो. तिथं कुणी कुणाला वाट द्यायची हे दुसऱ्या कुणीतरी आधीच ठरवलेलं असतं. टेकडीवर त्या अरुंद जागी शिट्टी वाजवायला कुणी नसतं. समोरासमोर आलेल्या दोघांनीच ते ठरवायचं, तेही चालता चालता. मोकळ्या जागेला पैसे पडत नाहीत हे खरं, पण ती चालते ती या रोजच्या हजारो छोट्या निर्णयांवर. आपल्या भाषेत या निर्णयाला ‘वाट देणं’ म्हणतात. वाट कुणाच्याच मालकीची नसते, तरी ती ‘द्यावी’ लागते, हे भाषेनं फार नेमकं हेरलं आहे.

पहिलं उत्तर घाटात लिहिलेलं सापडतं. चढणाऱ्या वाहनाला आधी जाऊ द्या, अशी पाटी आपण सह्याद्रीतल्या रस्त्यांवर पाहतो, आणि वाहतुकीचा नियमही तसाच आहे. चढावर थांबलेली गाडी पुन्हा उचलणं अवघड, उतरणाऱ्याला मात्र ब्रेकवर पाय ठेवला की झालं. पायी चालणाऱ्यालाही हे तंतोतंत लागू पडतं. चढणाऱ्याचा श्वास एका लयीत बांधलेला असतो. ती लय तुटली की पुन्हा जुळवायला वेळ लागतो. त्याची नजर पायांखालच्या दगडावर असते, समोरचं त्याला उशिरा दिसतं. उतरणाऱ्याला अख्खी वाट खालपर्यंत दिसते. म्हणून त्यानं थांबावं. टेकडीवरची जुनी माणसं हे कुणी न शिकवता पाळतात.

पण एका सकाळी हा नियम मला अपुरा वाटला. मी चढत होतो आणि वरून एक बाई डोक्यावर मोळी घेऊन उतरत होत्या. नियमानं त्यांनी थांबायला हवं होतं. पण मोळीच्या दोन्ही बाजूंनी काटक्या हात हातभर बाहेर आलेल्या, मान ताठ, एक हात वर, आणि पायांखाली भुसभुशीत मुरूम. त्या थांबल्या असत्या तर तोल गेला असता, झुडपात सरकल्या असत्या तर मोळी अडकली असती. मी खाली चार पावलं परत गेलो आणि कातळाला टेकून उभा राहिलो. त्या गेल्यावर लक्षात आलं, की घाटातली पाटी हे मूळ तत्त्व नव्हेच. ते एका मोठ्या तत्त्वाचं एक उदाहरण आहे. तत्त्व एवढंच आहे: ज्याला थांबणं सोपं, त्यानं थांबावं.

हे एकदा हाती आलं की बाकीच्या गाठी आपोआप सुटत जातात. सायकलस्वार आणि चालणारा यांच्यात कुणी थांबायचं? सायकलस्वाराला वेग असतो म्हणून त्याला आधी जाऊ द्यावं, असं वरवर वाटतं. पण वेग त्याच्या हातात आहे, ब्रेकही त्याच्याच हातात. पाठीमागून येणारी सायकल मातीवर आवाज करत नाही. चालणाऱ्या आजोबांना ती अंगाशी येईपर्यंत कळत नाही, आणि दचकून ते कुठल्या बाजूला सरकतील ते त्यांनाही सांगता येत नाही. म्हणून सायकलीनं दुरूनच घंटी वाजवावी, वेग कमी करावा आणि लागलं तर पाय टेकावा. पळणाऱ्यानं चालणाऱ्याला, चालणाऱ्यानं लहान मुलाला, आणि सगळ्यांनी गुरांच्या कळपाला वाट द्यावी. म्हशीला समजावून बाजूला करता येत नाही, आपल्याला होता येतं. हिमालयात ट्रेकला गेलेल्यांना हे ठाऊक असतं. खेचरांचा तांडा आला की माणसं डोंगराच्या अंगाला उभी राहतात, दरीच्या अंगाला नाही, आणि तांडा जाईपर्यंत हलत नाहीत.

मग जो धट्टाकट्टा त्यानंच नेहमी थांबायचं का? हा अन्याय नव्हे का? क्षणभर तसं वाटतं खरं. पण टेकडी चढलेला प्रत्येक जण थोड्या वेळानं उतरतोच. सहा वाजता ज्याला वाट मिळाली, तोच सात वाजता वाट देणारा असतो. आज पळत जाणाऱ्या पोराचा गुडघा एखाद्या वर्षी दुखावतो आणि त्याला काठी घेऊन चालावं लागतं. आपण कुणासाठी तरी थांबतो तेव्हा आपल्याच एका वेगळ्या दिवसासाठी थांबत असतो.

गावाकडं हाच विचार बांधावर भेटतो. ‘वहिवाट’ हा शब्द शेतकऱ्याला पाठ असतो, कारण तिच्यावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणं चालतात. वहिवाटीची वाट कुणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली ती मोकळी करून देण्याचा अधिकार तहसीलदाराला आहे. भारतीय सुखाधिकार अधिनियम, १८८२ त्याहून पुढं जातो. एका जमिनीचे तुकडे होऊन वेगवेगळ्या हातांत गेले आणि आतल्या तुकड्याला बाहेर पडायला दुसरी वाटच उरली नाही, तर शेजारच्या तुकड्यातून जाण्याचा हक्क कायदा त्याला गरजेपोटी देतो. रस्त्यालगतच्या शेतकऱ्याचं त्यात थोडं जातं, आतल्याचं मात्र सगळंच अडलेलं असतं. कायद्याची भाषा रुक्ष आहे, पण कातळाला टेकून उभा राहिलेला माणूस जे करतो त्याहून ती वेगळं काही सांगत नाही.

आतापर्यंत मी माणसांबद्दल आणि पाळीव जनावरांबद्दल बोललो. तत्त्व खरं असेल तर ते इथं थांबू शकत नाही. टिटवी झाडावर घरटं बांधत नाही. उन्हाळ्यात ती उघड्या मुरमावर, चार खड्यांच्या आडोशाला अंडी घालते, आणि अंड्यांचा रंग त्या खड्यांसारखाच असतो. चंडोलही जमिनीवरच गवताच्या बुंध्याशी घरटं करतो. वाट सोडून आपण दोन पावलं आत गेलो तर कशावर पाय पडतोय ते आपल्याला दिसतही नाही. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडते, ते ‘वाट द्या’ एवढंच सांगणं असतं. तिला अंडी उचलून दुसरीकडं नेता येत नाहीत. आपल्याला मागं फिरता येतं. मोकळा सोडलेला कुत्रा मोराच्या मागं धावतो तेव्हा त्याच्या मालकाला गंमत वाटते, पण मोराची तेवढ्या सकाळची चराई बुडते. साखळी हातात ठेवणं मालकाला सोपं आहे.

याहूनही मुकी असते ती वाट स्वतः. टेकडीवरच्या जुन्या वाटा पाहा. त्या सरळ उभ्या चढत नाहीत, उताराला तिरक्या जातात आणि वळण घेतात. गुरांच्या पायांनी पडलेल्या वाटा तशाच असतात, कारण जनावर फुकट दम घालवत नाही. घाईतला माणूस वळण टाळून सरळ खाली उतरतो. त्याच्यामागून दहा जण उतरतात, गवत मरतं, माती उघडी पडते. जूनचा पहिला जोराचा पाऊस त्याच सरळ रेषेतून खाली धावतो आणि दोन पावसाळ्यांत तिथं गुडघाभर ओघळ तयार होते. चिखलात सायकलीचं ब्रेक लावलेलं चाक असाच चर पाडतं. झिजलेल्या वाटेला एक बाजू सोडून दुसरीकडं उभं राहता येत नाही. पावसानंतर दोन दिवस सायकल घरी ठेवणं आणि वळण पूर्ण चालणं ही वाटेला दिलेली वाट आहे.

आणि शेवटी टेकडी. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटलं आणि पूरग्रस्तांसाठी ज्या वसाहती उभ्या राहिल्या त्यांत पायथ्याचं गोखलेनगर होतं. तेव्हापासून शहर चारी बाजूंनी वाढत टेकडीला येऊन भिडलं आहे. आता त्या अरुंद जागी खुद्द शहर आणि टेकडी समोरासमोर उभी आहेत. बालभारती ते पौड फाटा रस्ता आणि टेकडीखालून बोगदे यांचे प्रस्ताव पुढं आले, तेव्हा एप्रिल २०२३ मध्ये शेकडो पुणेकर त्यांच्या विरोधात रस्त्यावर उतरले. वाहतुकीची अडचण खोटी नाही. कर्वे रस्त्यावर आणि लॉ कॉलेज रस्त्यावर अडकून पडणाऱ्यांत मीही असतो. पण इथंही मला तोच प्रश्न विचारावासा वाटतो: दोघांपैकी थांबणं कुणाला सोपं?

शहराकडं उपाय आहेत. बस वाढवता येतात, मेट्रोला जोडणाऱ्या सोयी सुधारता येतात, पदपथ मोकळे करता येतात, कामाच्या वेळा बदलता येतात. हे सारं कष्टाचं आहे, खर्चाचं आहे, पण करता येण्यासारखं आहे. टेकडीकडं एकही उपाय नाही. तिच्या काळ्या खडकाच्या भेगांमधून मुरणारं पाणी खालच्या विहिरींना आणि बोअरला मिळतं, आणि एकदा फोडलेला खडक पुन्हा सांधता येत नाही. तिच्यावरचं गवत, तिच्यावरची पहाट, तिकीट न काढता वर येणारी मोळीवाली बाई आणि डॉक्टरनं पाठवलेले आजोबा यांना हलवून ठेवायला दुसरी टेकडी नाही.

उद्या सकाळी टेकडीवर गेलात तर त्या अरुंद जागी समोरच्याकडं एकदा नीट पाहा. त्याचा श्वास, त्याचं ओझं, त्याचं वय पाहा, आणि थांबणं तुम्हाला सोपं असेल तर थांबा. वर देवळापाशी पोचल्यावर खाली पसरलेलं शहर दिसेल. त्याच्याकडूनही एवढीच अपेक्षा ठेवा आणि ती बोलून दाखवा. टेकडीला बाजूला होता येत नाही. शहराला थांबता येतं.