एकाच गिऱ्हाइकाचा बाजार

मक्तेदारी मोडायची तर विकणारे वाढवा, ही आपली सर्वसाधारण समजूत. दारूगोळ्याच्या धंद्यात ती लंगडी पडते, कारण इथे गिऱ्हाईक एकच. तोफगोळा सरकारने घेतला नाही तर कारखानदार तो विकणार कुणाला? परदेशात धाडायलाही परवानगी सरकारचीच लागते. वर तेच सरकार एका मोठ्या उत्पादक कंपनीचे मालकही आहे.

1 ऑक्टोबर 2021 रोजी आयुध निर्माणी मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या. दारूगोळ्याचे कारखाने म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेले. तिचे मुख्यालय पुण्यात. खडकी, वरणगाव, भंडारा, भद्रावती हे कारखाने तिचेच. कामगार संघटनांनी कडाडून विरोध केला. पाटी बदलली, मंडळाची बरीचशी मक्तेदारी कंपनीकडे आली.

मंडळाच्या मक्तेदारीच्या काळात काय घडले हे कॅगच्या अहवालात आहे. 40 दिवसांच्या घनघोर युद्धाला पुरेल एवढा साठा अपेक्षित होता. सप्टेंबर 2016 मध्ये सुमारे 40 टक्के प्रकारांचा दारूगोळा दहा दिवसही पुरला नसता. दोष एकट्या कारखान्यांचा नव्हे, मागणी नोंदवणाऱ्यांचाही होता. पण लष्कराला देशात दुसरे दारच नव्हते.

आता ते उघडले म्हणतात. 2020 मध्ये दहा लाख हातबॉम्बचे काम नागपूरच्या इकॉनॉमिक एक्सप्लोझिव्ह्ज या खासगी कंपनीला मिळाले, हे खरेच मोठे पाऊल होते. पण फेब्रुवारी 2025 मधला पिनाकाच्या रॉकेटांचा 10,147 कोटींचा व्यवहार पाहा. एका प्रकारची रॉकेटे या कंपनीकडून, दुसऱ्या प्रकारची म्युनिशन्स इंडियाकडून. विकणारे दोन झाले, तरी या व्यवहारात प्रत्येक प्रकाराला पुरवठादार एकेकच. मी याला स्पर्धा म्हणणार नाही, वाटणी म्हणेन.

खरी अडवणूक पुरवठ्याच्या साखळीत आणखी मागे असते. गोळ्याचे पोलादी कवच घडवणारे बरेच मिळतात; प्रोपेलंट, म्हणजे गोळा पुढे ढकलणारी दारू, आणि स्फोटके बनवणारे मोजके. अमेरिकेतही प्रोपेलंटसाठी लागणाऱ्या लष्करी नायट्रोसेल्युलोजची भिस्त व्हर्जिनियातल्या रॅडफर्डच्या कारखान्यावर आहे. दहा कंपन्यांनी गोळे विकले आणि दहांनीही दारू एकाकडूनच आणली, तर त्या दहाला अर्थ काय? 24 जानेवारी 2025 रोजी भंडाऱ्याच्या निर्माणीत स्फोट होऊन आठ कामगार गेले. कारण काहीही असो. जिथल्या मालाला पर्यायी कारखाना नाही, तिथे काम थांबवून डागडुजी करणे कुणालाच परवडत नाही.

दुसरा पुरवठादार पोसणे महाग पडते, शांततेत त्याची यंत्रे नुसती उभी राहतात, हा आक्षेप खरा आहे. तो खर्च विम्याच्या हप्त्यासारखा धरावा. उद्याच्या मागणीची खात्री नसताना खासगी कारखानदार शेकडो कोटी गुंतवणार नाही, आणि त्याला दोष देता येत नाही.

2002 च्या स्पर्धा कायद्याने संरक्षण, अणुऊर्जा, चलन आणि अवकाश सांभाळणाऱ्या केंद्रीय खात्यांची कामे आपल्या कक्षेबाहेर ठेवली. म्युनिशन्स इंडिया आता खाते नाही, कंपनी आहे, आणि तिच्या शेजारी खासगी प्रतिस्पर्धी उभे आहेत. खात्यासाठी केलेली ढाल कंपनीला मिळू नये, हे सरकारने स्पष्ट शब्दांत सांगावे. आणि प्रत्येक महत्त्वाच्या प्रकाराची मागणी, प्रोपेलंटसकट, किमान दोघांत विभागून अनेक वर्षांच्या कराराने द्यावी.