युक्त आहार, युक्त झोप



आजचं चिंतन गीतेच्या ६ व्या अध्यायातल्या १७ व्या श्लोकावर. योग सांगताना भगवंत आहार, फिरणं, काम, झोप, जागरण या सगळ्यांना माप घालून देतात.

मी हा श्लोक कॉलेजपासून वाचतोय. तरी गेल्या महिन्यात बीपी १५०/९६ निघालं! रात्री दोनपर्यंत कोडिंग, सकाळी हरिपाठ घाईघाईत. गोळी सुरू झाली. नामस्मरण आहे ना, म्हणून आठवड्यात मीच ती बंद केली. बीपी पुन्हा वर, डॉक्टर रागावले.

परवा नांदेडहून नर्सी नामदेवला जाताना वारंगा फाट्यावर थांबलो. गरम खिचडी, सोबत पापड, लोणचं. हात लोणच्याकडे गेला आणि श्लोक आठवला. दिवसभराचं मीठ सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा. लोणचं-पापड बाजूला ठेवले. खिचडी मात्र पोटभर खाल्ली; उपाशी राहायलाही भगवंतांनी सांगितलेलं नाही.

आता अकराला झोप, पहाटे अर्धा तास चालत नामजप आणि गोळी वेळेवर. ती कमी करायची की नाही, हे डॉक्टर ठरवतील.

नाम मन आवरतं. ताट आपल्यालाच आवरावं लागतं.

आजचा संकल्प: ताटात वरून मीठ नाही.

राम कृष्ण हरी!