अनोळखी मुलाच्या हातीं बाटली

धाराशिवहून तुळजापूरकडे जातांना, रस्त्यालगतच्या एका मद्याच्या दुकानापाशीं, मध्यंतरीं आम्हांस एक मुलगा भेटला. मिसरूड नुकतेंच फुटूं लागलेलें. वय फार तर १६. हातांतली नोट पुढें करून तो म्हणाला, "काका, तेवढी एक क्वार्टर आणून द्या ना. मला देत नाहींत." आम्ही नाहीं म्हटलें. परंतु कां नाहीं म्हटलें, याचा उलगडा वाटला तितका सोपा नाहीं.

कायद्याचें उत्तर तयार आहे. १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वयें महाराष्ट्रांत बिअरसारख्या सौम्य मद्यास २१ व कडक मद्यास २५ वर्षांची अट आहे. शिवाय १८ वर्षांखालील मुलास मद्य देणाऱ्यास २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या ७७ व्या कलमाप्रमाणें ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊं शकते. पण यांतील पहिल्या कायद्याप्रमाणें पिणाऱ्या प्रौढासही परवाना लागतो. तो किती काकांच्या खिशांत असतो, हें वाचकांस आम्हीं सांगावयास नको. आणि १८ व्या वर्षीं राज्यकर्ते निवडण्याइतकी अक्कल ज्यास येते, त्यास पेल्यापुरती अक्कल यावयास २५ वें वर्ष उजाडावें लागतें, हें गणितही मौजेचेंच. सबब केवळ कायद्याच्या बळावर त्या मुलास उपदेश करूं जाणें म्हणजे फुटक्या घागरीनें पाणी भरणें होय.

मग नकारास आधार कोणता? "तुम्ही न दिलीत तर दुसरा देईल," हा युक्तिवाद लांच घेणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडीं असतो. त्यावर वेळ दवडणें नको. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. कित्येक घरांत बाप स्वतःच मुलास घोटभर पाजतो. मग परक्यानें असा कोणता अपराध केला? आमच्या मतें भेद येथेंच आहे. बापाचें तें कृत्य आम्ही चांगलें म्हणत नाहीं. परंतु मुलगा ओकला, पडला, तर बाप उशाशीं असतो. परका बाटली देतो आणि एसटी धरतो. मुलगा उपाशी आहे कीं आजारी, पुढें दुचाकीवर बसणार आहे कीं विहिरीच्या कांठावर, हें त्यास ठाऊक नसतें. ठाऊक करून घेण्याची त्याची इच्छाही नसते. परिणामापाशीं जो थांबणार नाहीं, त्यानें कारण होऊं नये, इतकेंच आमचें म्हणणें.

पुण्यास १९ मे २०२४ च्या उत्तररात्रीं एका भरधाव मोटारीनें दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. मोटार १७ वर्षांचा मुलगा चालवीत होता व तत्पूर्वीं त्यास मद्य पुरविलें गेलें होतें, असा पोलिसांचा आरोप. ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीवर त्यास जामीन मिळाला, याचा लोकांस संताप आला, तो योग्यच होता. आम्हांस मात्र राहून राहून आठवतें तें हें कीं, पेला पुढें करणारे त्या वेळीं त्या रस्त्यावर नव्हते.

हें सारें आम्हांस मागाहून सुचलें. त्या मुलानें तेव्हां आमच्या पिशवीकडे पाहिलें व हसून विचारलें, "स्वतःपुरती घेतलीतच ना?" आम्ही निरुत्तर झालों. लहानपणीं वडील मंडळी आम्हांसच विडी-तंबाखू आणावयास धाडीत, तें आठवलें. नोट घेऊन तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. त्या गृहस्थानें काय केलें, हें पाहावयास आम्ही थांबलों नाहीं. एसटीची वेळ झाली होती.